सभागृहातले तेवीस दगड

मियोसावाचं नगर कार्यालय बंद झालं, तेव्हा तिथल्या रहिवासी नोंदणीच्या खिडकीवर माझी एकतीस वर्षं झाली होती. त्या एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही नोंद चुकली नाही. हे मी स्वतःहून कुणाला सांगत नाही, पण विचारलं तर लपवतही नाही. आमचं गाव शेजारच्या शहरात विलीन झालं, नगराध्यक्ष घरी बसले, आणि एवढ्या मोठ्या इमारतीचं करायचं काय हे न सुचल्यामुळे शहरातल्या लोकांनी तिचं स्थानिक इतिहासाचं संग्रहालय केलं. सांभाळायला मला ठेवलं. खिडकीवरची ‘रहिवासी नोंदणी’ ही पाटी मी काढलेली नाही. अजूनही कुणी ना कुणी दाखला मागायला येतं, आणि मी बसची वेळ सांगून त्याला शहरात पाठवते.

संग्रहालय म्हटल्यावर लोकांनी आपापली कोठारं रिकामी करायला घेतली. पायानं चालवायची मळणीयंत्रं अकरा आली. उफणणीच्या पेट्या आल्या, रेशीमकिड्यांच्या चाळण्या आल्या. मग एक दिवस एक बाई लोणच्याचा दगड घेऊन आली. मुळ्याच्या पिंपावर वजन म्हणून ठेवतात, तो. सासू गेली होती, घर विकायचं होतं, आणि आमच्याकडे कचऱ्याची गाडी दगड घेत नाही. नदीत टाकून द्यायला तिचा हात होईना. म्हणून तिनं तो ढकलगाडीवर घालून माझ्या खिडकीशी आणला.

खिडकीवर आलेल्या माणसाला परत पाठवायची मला सवय नाही. मी अर्ज पुढे केला, तिनं सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का मारला, आणि दगड इतिहासात जमा झाला. ही बातमी गावभर व्हायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. पहिल्या चार वर्षांतच तेवीस दगड झाले. नोंदपुस्तकात ‘वर्णन’ या रकान्यात मी तेवीस वेळा ‘गोलसर, करडा’ असं लिहिलं. दुसरं काय लिहिणार? ठेवायला जागा नव्हती म्हणून ते वरच्या मजल्यावर जुन्या सभागृहात नेले. सोळा सभासदांच्या सोळा खुर्च्यांवर सोळा, आणि उरलेले सात प्रेक्षकांच्या बाकावर. मियोसावाची सभा इतक्या शांततेत पूर्वी कधी झाली नव्हती, असं लोक म्हणत.

त्यातला एक आमच्या घरचा होता. माझ्या सासूबाई, तोकुनो कुराशिना, जिवंत असेपर्यंत त्यांनी मला त्या दगडाला बोट लावू दिलं नाही. दर डिसेंबरात पीप भरायच्या वेळी मी पुढे झाले की म्हणायच्या, "ठेव ठेव, तुझं काम नाही ते." चाळीस वर्षांच्या संसारात मी त्या घरात मुळे धुतले, वाळवले, मीठ मोजलं, पण दगड मात्र त्यांनी ठेवायचा. माझ्यावर एवढा अविश्वास. त्या गेल्या, त्याच वर्षी मी तो दगड संग्रहालयाला देऊन टाकला आणि स्क्रूनं दाबायचा प्लास्टिकचा डबा विकत आणला. आमचे हे बिचारे त्यातलं लोणचं खाऊन काही बोलले नाहीत. पुढे पुढे मी दुकानातलंच आणायला लागले, तेव्हाही बोलले नाहीत.

दुसरा होता हात्सुए शिमोजो यांचा. सात वर्षांपूर्वी त्या नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या वृद्धनिवासात राहायला गेल्या. जायच्या आदल्या दिवशी दगड घेऊन आल्या, आणि दानाच्या अर्जावर शिक्का मारायला तयार होईनात.

"दान कशाला? मी मेलेय थोडीच," त्या म्हणाल्या. "तू फक्त सांभाळ. पावती दे."

मी सांभाळायला घेतल्याची पावती लिहून दिली. नंबर नऊ. त्यानंतर वृद्धनिवासात भेटायला गेले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "माझा दगड बरा आहे ना?" पहिल्या वर्षी मी "बरा आहे" म्हणाले, ते खरं होतं. त्यानंतर सहा वर्षं मी तेच म्हणत राहिले आणि ते धडधडीत खोटं होतं.

कारण पहिल्याच वर्षाच्या अखेरीच्या साफसफाईत माझ्या हातून घोटाळा झाला. दगडांत मुरलेलं मीठ बाहेर येऊन सभासदांच्या खुर्च्यांवर पांढरे डाग पडत होते. मी दगड धुवायचं ठरवलं. नंबराच्या चिठ्ठ्या सोडून जमिनीवर ओळीनं मांडल्या, प्रत्येक चिठ्ठीसमोर तिचा दगड, आणि एकेक टबात बुडवायला घेतला. गावातल्या वृद्ध पुरुषांचं मंडळ त्या दिवशी मदतीला आलं होतं. मी खाली चहा करायला गेले. परत येऊन बघते, तर मंडळानं सगळे दगड धुऊन, पुसून, चकचकीत करून तीन रांगांत मांडले होते. सगळ्यांचे चेहरे दिसावेत म्हणून उंच दगड मागच्या रांगेत आणि बुटके पुढे, वार्षिक संमेलनाच्या फोटोला मांडतात तसे. मंडळाचे अध्यक्ष बाजूला उभे राहून माझ्या कौतुकाची वाट बघत होते.

मी वाकून आभार मानले. दुसरं काय करणार होते? ते गेल्यावर चिठ्ठ्या हाताला येतील तशा बांधून टाकल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ या नोव्हेंबरात उघडली. शहराच्या संस्कृती विभागाचे नागुमोसाहेब इमारत तपासणाऱ्या इंजिनिअरला घेऊन आले. साहेब चाळिशीचे, बोलायला मऊ, पण हातातली यादी मात्र कडक. वरच्या मजल्याला एवढं वजन झेपत नाही, असं इंजिनिअर म्हणाला. काहीतरी कमी करा, नाहीतर सभागृह बंद ठेवा.

"दगडांपासून सुरुवात करू," नागुमोसाहेब म्हणाले. "पावणेतीनशे किलो एका फटक्यात कमी होतात. मासल्याला एक ठेवू, बाकीचे नदीकाठी सोडू. दानपत्रं सगळ्यांची आहेत ना?"

"बावीस जणांची आहेत."

"आणि तेविसाव्याचं?"

मी पावती दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. "मग हा आपला नाहीच. हा आधी आजींना परत करायला हवा. कुराशिनाबाई, नऊ नंबर कुठला तेवढा दाखवा, मी फोटो काढतो."

नऊ नंबरची चिठ्ठी एका खुर्चीवरच्या दगडाला बांधलेली होती. बोट दाखवलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. मी बोट उचललंही. पण एक्याण्णव वर्षांच्या बाईच्या हातात दुसऱ्याच कुणाचा तरी दगड द्यायचा आणि तिच्याकडून पोचपावतीवर शिक्का मारून घ्यायचा, हे मला खिडकीवरच्या एकतीस वर्षांनी करू दिलं नाही. मी जे घडलं ते सगळं सांगून टाकलं, वृद्ध मंडळाच्या तीन रांगांसकट.

नागुमोसाहेबांनी दातांतून लांब श्वास ओढला. आमच्याकडे साहेबलोक असा श्वास ओढतात तेव्हा समजायचं की काम कठीण आहे.

"म्हणजे तेवीसच्या तेवीस दगडांचा मूळ मालक माहीत नाही," ते म्हणाले. "मग तर एकही ठेवता येणार नाही. आणि आजींना लेखी माफीपत्र द्यावं लागेल. विभागाकडून."

"मला महिनाअखेरपर्यंत वेळ द्या."

"दगड ओळखणार कसे? दगड तर दगडच."

"तुम्ही मुळे घातलेत कधी?"

त्यांनी नाही म्हटलं. पण वेळ दिला.

मी घरी आले आणि गावाच्या फिरत्या फाईलसाठी निवेदन लिहायला बसले. ही फाईल घरोघर फिरते. वाचायची, शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. ड्रेनेज सफाईची तारीख, गावच्या बसचं वेळापत्रक, असलं त्यात असतं. त्यात मी लिहिलं की सुमिए कुराशिना हिच्या हातून दगडांच्या चिठ्ठ्या मिसळल्या, ही गोष्ट तिनं सहा वर्षं लपवून ठेवली, आणि आता ज्यांना आपला किंवा शेजारणीचा दगड ओळखता येईल त्यांनी शनिवारी सकाळी सभागृहात यावं. तीन ओळी लिहायला दोन तास लागले. फाईल परत आली तेव्हा तिच्यावर अठ्ठेचाळीस शिक्के होते. म्हणजे अठ्ठेचाळीस घरांनी माझी चूक वाचून पोच दिली होती.

शनिवारी चौदा बायका आल्या. एप्रन बांधून, बाह्या वर करून. नागुमोसाहेब वही घेऊन सभापतींच्या मंचावर बसले. सगळ्यांत पुढे तामाकीकाकू, वय ऐंशी, पाठीचं धनुष्य झालेलं, जीभ मात्र सरळ.

"काय गं सुमिए," त्या दारातूनच म्हणाल्या, "सहा वर्षं पोटात ठेवलंस होय? माझ्या पोटात तर सहा मिनिटं काही राहत नाही."

"म्हणून तर तुम्हाला सांगितलं नाही, काकू."

"आणि धुतले कुणी? पुरुषांनी? मग बरोबरच आहे. आमच्या ह्यांना घरातलं पीप कुठं आहे ते माहीत नव्हतं, दगड कुठला ओळखतात."

मला वाटलं होतं बायका निरखून बघतील, विचार करतील. तसं काही झालं नाही. तामाकीकाकू पहिल्या खुर्चीपाशी गेल्या, दगडाखाली दोन्ही हात घातले, जरासा उचलला आणि परत ठेवला. दुसरा तसाच. पाचव्याला हात घातला आणि थांबल्या.

"हा माझा. इथं खाली अंगठा बसतो बघ. माझ्या सासूच्या सासूनं नदीतून आणलेला."

नागुमोसाहेब मंचावरून खाली आले. त्यांनी अंगठा घालून बघितला. "कुणाचाही बसेल की."

"तुमचा बसला का?"

त्यांचा बसला नव्हता. ते वहीत लिहायला लागले.

मग कामाला वेग आला. कुणी डोळ्यांनी बघतच नव्हतं. प्रत्येकीचे हात दगडांच्या खाली जात होते. "हा योशिनोचा, ह्याचं पोट एका बाजूला जास्त आहे, पिंपात नेहमी कलायचा." "हा त्या पुलाजवळच्या किनुएचा, ती गेली बिचारी. मी तिच्याकडून दोनदा उसना आणलेला." एका दगडावरून योशिनोबाई आणि तिची जाऊ यांच्यात जुंपली. दोघी म्हणायच्या आमच्या माहेरून आलेला. शेवटी जावेनं वाकून दगडाचा वास घेतला आणि तो आपल्या बाजूला ओढला. तिच्याकडे मुळ्यात पर्सिमन फळाच्या साली घालतात, योशिनोबाईकडे घालत नाहीत. सहा वर्षांपूर्वी धुतलेल्या दगडाला तो वास खरंच होता का, देव जाणे. पण भांडण मिटलं.

अकरा वाजेपर्यंत एकवीस झाले. चौदा समोर उभ्या असलेल्यांचे, सात गेलेल्यांचे आणि गाव सोडलेल्यांचे. उरले दोन दगड, एक थोराड आणि एक बेताचा. आणि उरल्या दोन चिठ्ठ्या, नंबर नऊ, हात्सुएआजी, आणि नंबर चौदा, कुराशिना.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

मी दोन्ही दगडांखाली हात घालून बघितलं. माझ्या हातांना काही म्हणजे काही कळलं नाही. आमचं पीप अंधाऱ्या कोठारात असायचं, आणि इथं दिला तोही आमच्या ह्यांनीच पोत्यात घालून आणला होता. चौदा बायका गावभरचे दगड ओळखून मोकळ्या झाल्या आणि मला माझ्या स्वयंपाकघरातला ओळखता येईना. मला रडू आलं नाही, पण कान तापले.

"मला कधी हातच लावू दिला नाही," मी म्हणाले. "सासूबाईंनी."

"तोकुनो होतीच तशी," तामाकीकाकू म्हणाल्या. त्या पुढे झाल्या. "सरक बाजूला. मी नवी सून होते तेव्हा तुझ्या सासूकडे मीठ लावायला जायचे. हा थोराड तोकुनोचा. असला धोंडा तीच उचलायची. आणि हा हात्सुएचा, ह्याच्या डोक्यावर खळगा आहे, ती त्यात मिठाची चिमूट ठेवायची."

आणखी दोघींनी मान डोलावली. नागुमोसाहेबांनी तेवीसच्या तेवीस चिठ्ठ्या स्वतःच्या हातानं बांधल्या. माझी चूक निस्तरली. मी बायकांना चहा दिला, आणि त्या मला पुढची दहा वर्षं पुरतील एवढी टोमण्यांची शिदोरी देऊन घरी गेल्या.

सोमवारी खळग्याचा दगड गाडीत घालून आम्ही वृद्धनिवासात गेलो. मी सांभाळायची हमी दिली होती आणि आता ती पुरी करायची होती. हात्सुएआजी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. मी त्यांनाही सगळं सांगितलं, सहा वर्षांच्या ‘बरा आहे’सकट. त्या ऐकत होत्या. नागुमोसाहेबांनी त्यांच्या मांडीवर टॉवेल घालून वर दगड ठेवला. आजींनी दोन्ही हात त्याच्यावरून फिरवले, खळग्यात बोट घातलं आणि हसल्या.

"हा मी दिलेला नाही," त्या म्हणाल्या.

"आजी, तामाकीकाकूंनी ओळखला. डोक्यावरचा खळगा—"

"माझाच आहे. पण मी तुला दिलेला नाही. मी दिला तो हा नव्हे. तो मोठा असणार, धोंड्यासारखा."

"तो आमचा आहे."

"तो तुमचाच. मी तुला तुमचाच दिला होता." आजी नागुमोसाहेबांकडे वळल्या. "तुम्ही लिहू नका हो जरा. हे घरातलं आहे."

साहेबांनी वही मिटली.

"सुमिए, तुझी मुलगी झाली तेव्हा तुझं पोट कापावं लागलं होतं ना?"

"हो."

"त्या डिसेंबरात तोकुनो भर बर्फातून ढकलगाडी घेऊन माझ्या दारात आली. गाडीत हा एवढा धोंडा. म्हणाली, हात्सुए, तुझा मला दे, माझा तू घे. मी म्हटलं, का गं, तुझ्या लोणच्याला तर हाच लागतो, हलका दगड तुला चालत नाही. म्हणाली, मला नाही, सुनेला. डॉक्टर म्हणतो सहा महिने जड उचलायचं नाही. डॉक्टरला काय कळतंय. मी आहे तोवर तिला उचलूच देणार नाही. पण मी गेल्यावर ती एकटी असणार, तेव्हा तिला हा झेपायचा नाही. तुझा झेपेल." आजींनी दगड थोपटला. "मी तेव्हा दांडगी होते. मला काय, दिला बदलून. तेव्हापासून तिचं लोणचं जरा नरमच लागायचं. लोकांनी नावं ठेवली तर म्हणायची, वय झालं माझं."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"मला शपथ घातली होती. म्हणाली, तिला सांगशील तर तिला वाटेल मी तिला नाजूक समजते. ऑफिसात शिक्के मारणारी बाई आहे ती, मानी आहे."

ठेव ठेव, तुझं काम नाही ते. चाळीस वर्षं मी ते वाक्य मनात धरून बसले होते. आणि त्यांच्या माघारी पहिल्याच वर्षी, मला झेपावा म्हणून बर्फातून आणलेला तो दगड, मी रागानं माझ्याच खिडकीतून आत घेऊन माझाच शिक्का मारून देऊन टाकला होता. मला फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त बरं वाटलं.

"आता हे कागदावर कसं लिहायचं?" नागुमोसाहेब हळूच म्हणाले.

"मोठा तो तिथंच ठेवा संग्रहालयात," आजी म्हणाल्या. "आता त्याचं दानपत्र करा, कुठं शिक्का मारायचा सांगा. तो उचलणारी बाई आता गावात कुणी नाही. आणि हा लहान सुमिएचा. जानेवारीत मला मुळा पाठव. मऊ कापून पाठव, दात नाहीत."

येताना गाडी पुलावर आल्यावर साहेब म्हणाले, "कुराशिनाबाई, दान दिलेली वस्तू परत देता येत नाही. पण उसनी देता येते. डिसेंबर ते मार्च. तेवढे चार महिने मजल्यावरचं वजनही कमी होईल. बर्फाचा भार पण तेव्हाच असतो. इंजिनिअरला हे पटेल."

त्याला पटलं. पुन्हा एकदा फाईल फिरली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या खिडकीसमोर रांग लागली. कार्यालय बंद झाल्यापासून अशी रांग मी बघितली नव्हती. एकोणीस दगड उसने गेले. किनुएचा दगड नागुमोसाहेबांनी स्वतःच्या नावावर नेला. शहरात ते चौथ्या मजल्यावर राहतात, तिथल्या मजल्याला झेपतो का ते इंजिनिअरला विचारायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. अर्जात ‘कारण’ असा रकाना आहे. कुणी ‘मुळे’ लिहिलं, कुणी ‘पाला’. तामाकीकाकूंनी लिहिलं, ‘मी अजून जिवंत आहे’.

माझा अर्ज मी शेवटी भरला. अर्जदार म्हणून एक शिक्का मारला, मग उठून खिडकीच्या आतल्या बाजूला गेले आणि मंजुरीचा दुसरा मारला. घरी आमच्या ह्यांनी मुळे आधीच धुऊन ओसरीवर टांगले होते, कुणी न सांगता. पंधरा दिवसांनी ते वाळून वाकायला लागल्यावर मी पीप भरलं. कोंडा, मीठ, मुळे, परत कोंडा. वर लाकडी झाकण. मग दगडाखाली हात घातले. तो एका दमात उचलला गेला.

अर्जात ‘कारण’ या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘मला झेपतो’.